हातापासून की जिभेपासून

देवीवर माझा राग होता, आणि तो आता पुरता गेला आहे असं मी म्हणणार नाही. कृपेची गोष्ट गोड शब्दांत ऐकायची ज्यांना सवय आहे त्यांनी हे आधीच जाणून घ्यावं. कृपा झाली, माझ्या डोळ्यांसमोर झाली, आणि तरीही ज्या प्रश्नावरून मी देवीशी भांडले त्याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. तरी मी रोज तिच्यापुढे हात जोडते. हे दोन्ही एका मनात कसं राहतं ते सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

माझं माहेर अमळनेरचं. वडील तेलाच्या गिरणीत कारकून होते. त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं आणि पहूरला केळी-कापूस करणाऱ्या घरात दिलं. घरात जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, माझ्या जाऊबाई, आणि आम्ही दोघं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या ह्यांच्या हातून केळीचा घड कापता कापता विळा निसटायला लागला. वय पस्तिशीच्या आतलं, अंग चांगलं कसलेलं. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग सदऱ्याची गुंडी लागेना. अंगठ्याच्या बुडाचं मांस बसत गेलं, दंडावर कातडीखाली काही वळवळतंय असं फुरफुरायला लागलं. तेल लावलं, शेक दिला, जळगावच्या वैद्यांचे काढे झाले. हात काही परत आला नाही, आणि पुढे दुसराही पहिल्याच्या वाटेनं जाऊ लागला.

शेवटी नानांनी जळगावला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात-पाय ठोकून पाहिले, एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, आणि खुर्ची नानांकडे वळवून म्हणाले, "दोन वर्षं. फार तर तीन. उगाच दवाखाने फिरू नका." हे तिथेच बाकावर सदरा हातात धरून बसले होते. मी दाराशी पदर ओढून उभी होते. आमच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. परतताना एसटीत हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग मला म्हणाले, "मी तिथंच बसलो होतो ना गं?" मी म्हटलं, "होतात." त्यांनी तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. माझ्या अंगाची मात्र आग आग झाली. मरण सांगायचं तर ज्याचं आहे त्याला सांगावं. ते दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

त्या दिवसापासून गावानं ह्यांना मेल्यात जमा केलं. नवी बाग कुठे लावायची हे नाना आता ह्यांना विचारेनासे झाले. पाहुणे आले की ह्यांच्यासमोर म्हणायचे, "मोठा कष्टाळू होता." बायका मला पाण्यावर गाठून विचारायच्या, घरात कुणाची हाय लागली का, कुठला नवस राहिला का. मूल नाही, त्यात हे, म्हणजे मागच्या जन्मीचं काहीतरी असणारच, असं जाऊबाई माझ्यासमोर बोलून दाखवू लागल्या. नानांनी एक बुवा बोलावले. त्यांनी पत्रिका पाहून येत्या श्रावणापलीकडे आयुष्य दिसत नाही असं सांगितलं, आणि अंगारा दिला. हे हसून म्हणाले, "त्यापेक्षा डॉक्टर बरे, त्यांनी थोडे जास्त दिले." हसले फक्त हे. मला त्या हसण्याचाही राग आला आणि रडूही आलं.

मी लहानपणापासून देवीची. माहेरी एकवीरेचं नाव घेतल्याशिवाय तोंडात घास गेला नाही. हे मात्र देवळाच्या वाटेला जाणारे नव्हते. देवीला मी तेव्हा एवढंच विचारत होते की मी केलेल्या सगळ्या उपासांचं तू काय केलंस. तिच्याकडून काही येईना. दिवा लावायचे, पण तोंडानं काही म्हणायची नाही. हात जोडणं म्हणजे नुसती सवय उरली होती.

माझे मामा धुळ्याला राहत. त्यांनी कळवलं की धुळ्यात एक वयस्कर डॉक्टर आहेत, लढाईच्या काळात फौजेच्या दवाखान्यांत राहून आलेले, त्यांनी असे रोगी पाहिले आहेत. नाना म्हणाले, कशाला आता. हे म्हणाले, "मला जायचंय." मग आम्ही दोघंच गेलो.

डॉक्टरांच्या ओसरीवर आमच्या आधी एक जोडपं बसलं होतं. म्हातारे साठी ओलांडलेले, कपाळाला बुक्का, खांद्यावर उपरणं. त्यांच्या तोंडातून लाळ यायची आणि त्यांची बायको ती उपरण्याच्या टोकानं पुसायची, जणू पोथीवरची धूळ पुसावी इतक्या हलक्या हातानं. ते बोलायचे ते मला कळत नव्हतं, नुसता घोगरा आवाज. तिला सगळं कळायचं. साक्रीकडच्या एका खेड्यातले शेतकरी. गावच्या देवळात जन्मभर भजनाला उभे राहणारे, आणि गेल्या दिवाळीपासून जीभ जड झाली. लोक त्यांना आबा म्हणत, तिला अक्का. मला ती बोलता बोलताच धाकटी बहीण म्हणू लागली.

आमचा नंबर आल्यावर डॉक्टरांनी खुर्ची ह्यांच्यासमोर घेतली. पहिलाच प्रश्न ह्यांना विचारला, "तुम्हाला काय वाटतंय, ते तुम्ही सांगा." ह्यांचे डोळे भरून आले. विळा पहिल्यांदा कधी निसटला, त्यानंतर किती दिवसांनी गुंडी लागेना, दुसरा हात कधी, हे सगळं डॉक्टरांनी सावकाश काढून घेतलं. आडवं निजवलं आणि श्वास कोंडतो का ते विचारलं. एका श्वासात जमेल तितके आकडे मोजायला लावले. हे बरेच पुढपर्यंत गेले. वजन केलं, जीभ बाहेर काढायला लावून दिव्यानं नीट पाहिली.

मग म्हणाले, "औषध नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मेंदूचा हुकूम हातापायांना नेणाऱ्या ज्या नसा आहेत त्या वाळत जातात, आणि का वाळतात ते आम्हाला माहीत नाही. पण किती वर्षं, हे कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मी जेवढे पाहिले त्यात सगळे सारखे गेले नाहीत. तुम्ही तरुण आहात. दुखणं हातात सुरू झालं, जिभेत नाही. आणि ते सावकाश चाललंय, विळ्यापासून गुंडीपर्यंत यायलाच त्यानं वर्ष घेतलं. जे असं हळू चालतं ते पुढेही बहुधा हळूच चालतं. छाती अजून चांगली आहे. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे."

"आणि विरुद्ध काय?" ह्यांनी विचारलं.

"गिळायला त्रास होऊ लागला, किंवा आडवं पडल्यावर श्वास पुरेनासा झाला, की समजायचं ते पुढे सरकलं. आणि एक बघा, अंग झडू देऊ नका. जे झपाट्यानं वाळतात ते लवकर जातात. दूध, तूप, केळी, जे उतरेल ते खा."

त्या खोलीला दार नव्हतं, नुसता कापडी पडदा होता. मी बाहेर आले तेव्हा अक्का उभी होती. तिनं विचारलं, "डॉक्टरनी काय सांगं, बहीन?" पण विचारताना तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिनं सगळं ऐकलं आहे. वय कमी, ते माझ्या बाजूचं. हातात सुरू झालं, ते माझ्या बाजूचं. हळू चाललंय, ते माझ्या बाजूचं. जे जे माझ्या पदरात पडलं होतं त्यातलं एकही तिच्याकडे नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. तिनंच माझा हात धरला.

पांझरेच्या काठी एकवीरेचं देऊळ जवळ, म्हणून आम्ही चौघं एकाच टांग्यानं दर्शनाला गेलो. मी गाभाऱ्यासमोर उभी राहिले, आणि इतके महिने जे आत दाबलं होतं ते बाहेर आलं. मनात नाही, मोठ्यानं. मी म्हटलं, "ह्या माणसानं जन्मभर तुझं नाव घेतलं. त्याच जिभेवर तुझा हात पडला? आणि माझा नवरा तुझी पायरी चढला नाही, त्याच्या नुसत्या हातांना लागून सोडलंस? कसला हिशेब हा? भक्ती बघतेस की वय बघतेस? वयच बघायचं असेल तर आम्ही उपास कशाला करायचे?" पुजारी पुढे आले, म्हणाले, बाई, देवीसमोर असं बोलू नये. लोक वळून बघू लागले. ह्यांना मला धरायचं होतं, पण हात उचलेनात.

तेव्हा आबांनी काहीतरी म्हटलं. तो घोगरा आवाज मला समजला नाही. अक्कानं आबांचं बोलणं पुजाऱ्यांना सांगितलं, "त्या म्हनतस, बोलू द्या तिले. आवाज शे तवलोंग बोलू द्या."

आवाज आहे तोवर, हे ऐकून पुजारी बाजूला झाले. माझ्यानं मात्र पुढे एक शब्द बोलवला नाही.

आम्ही घरी परतलो. बुवांचा श्रावण आला आणि गेला. जळगावच्या डॉक्टरांची दोन वर्षंही सरली. ह्यांचे पाय जड झाले, काठी आली, मग खाट आली. पण श्वास चांगला होता आणि खाणं चालू होतं. मी दुधात तूप घालायची, केळी कुस्करून द्यायची. जाऊबाई म्हणायच्या, मरणाऱ्या माणसाला इतकं कशाला. मी पदर सावरून गप्प राहायची, कारण जेठ घरात असताना धाकट्या सुनेनं बोलायचं नसतं. आतून मात्र मी जळत होते.

तिसऱ्या वर्षी ह्यांना पाण्यानं ठसका लागू लागला. मला भीती वाटली, पण काय करावं हे कळेना. अशात श्रावणातला कानबाईचा सण आला. आमच्याकडे त्या रविवारी केळीचे खांब उभारून देवी बसवतात आणि गव्हाचे रोट करतात. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात, बाहेरच्यानं नाही. घर माणसांनी भरलं होतं. प्रसाद म्हणून मी ह्यांना रोटाचा तुकडा खिरीत बुडवून भरवला, आणि तो घशात अडकला.

डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले, आवाज बंद. मी पाठीवरून हात फिरवत होते. कुणी म्हणालं, श्रावणच आहे, बुवांनी सांगितलं होतं. नाना पुढे आले. त्यांनी आणि दोघा चुलतभावांनी ह्यांना खाटेवरून उचलून खाली जमिनीवर उताणं निजवलं, जसं शेवटच्या घडीला निजवतात. नाना म्हणाले, "गंगाजल आना, तुळशीपत्र आना." एकानं देव्हाऱ्यातला गडू उचलला. माणूस घास अडकून तडफडतोय, आणि माझ्या घरची माणसं त्याच्या तोंडात पाणी ओतायला निघाली होती. कारण तो मरणार हे त्यांनी तीन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

दारातून कुणीतरी ओरडलं, "पानी नका टाका. बठाडा त्यास्ले, बठाडा." पांढऱ्या कपाळाची एक बाई हातातलं गाठोडं उंबऱ्यात टाकून माणसांना ढकलत आत आली. ती अक्का होती. तिनं ह्यांच्या काखेत हात घालून त्यांना बसतं केलं, पुढे वाकवलं, पाठीवर जोरानं थापा मारल्या, बोट घालून घसा मोकळा केला. रोटाचा तुकडा बाहेर पडला. ह्यांनी श्वास घेतला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

नंतर कळलं ते असं. आबा वर्षभरात गेले होते, डॉक्टर जे बोलले नव्हते तेच झालं. सासरच्यांनी अक्काला नवरा गिळला म्हणून बोल लावले, आणि कानबाईच्या दिवशी पांढरं कपाळ घरात नको म्हणाले. ती आदल्या दिवशी निघून धुळ्याला कुणाच्या तरी पडवीत राहिली आणि सकाळच्या एसटीनं जळगाव, तिथून पहूर. मी तिला विचारलं, माझ्याकडेच कशी आलीस. ती म्हणाली, "तू मनाकरता देवीसंगे भांडनी. मनाकरता आजलोंग कोनी भांडनं नही." तिच्यासाठी भांडणारी मी पहिलीच होते.

नाना तोवर म्हणत होते की परकी बाई, त्यात विधवा, कानबाईच्या घरात शिरली, आता देवी बाटली. मी उठले. पहिल्यांदाच डोक्यावरचा पदर न ओढता जेठांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "नाना, तुमचा भाऊ हिनं वाचवला, तुम्ही त्याला गंगाजल पाजत होतात. हिच्याएवढं भाऊबंद ह्या घरात कुणी नाही." आणि रोट आणून मी माझ्या हातानं अक्काच्या पानात वाढला. नाना उठून बाहेर गेले.

अक्का आमच्याकडेच राहिली. आबांच्या वर्षभरात ती जे शिकली ते तिनं मला शिकवलं. पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज करून. घास बोराएवढा. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं. जेवल्यावर लगेच आडवं करायचं नाही, रात्री पाठीमागे कापसाचे लोड लावून बसतं निजवायचं. ह्यांचं अंग पुन्हा भरलं नाही, पण झडायचं थांबलं. बाग कुठे लावायची, पाणी कधी सोडायचं, हे ते खाटेवरून सांगू लागले आणि गडीमाणसं ऐकू लागली. नानाही पुढे पुढे येऊन विचारू लागले. सहावं वर्ष गेलं, सातवं गेलं. माणसं बघायला यायची. तेच बुवा एकदा आले आणि आमच्या अंगाऱ्याचा गुण आला म्हणून सांगू लागले. मी त्यांना ओसरीवर बसूसुद्धा दिलं नाही.

पण बुवांपेक्षा जास्त राग मला दुसऱ्याच बोलण्याचा यायचा. चांगल्या मनाच्या बायका म्हणायच्या, "तुमच्या भक्तीनं वाचवलं हो त्यांना." मी विचारायची, मग अक्काच्या भक्तीत काय कमी होतं? आबांच्या भजनात कुठला सूर चुकला होता? धुळ्याच्या डॉक्टरांनाही मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "हे तरुण होते, दुखणं हातातून आलं, चाल हळू होती, छाती टिकली. आणि तुम्ही दोघींनी त्यांना वाळू दिलं नाही. कशानं किती झालं ते मला सांगता येणार नाही, बाई. आबांची सेवाही इतकीच झाली होती, हे मी पाहिलंय." ते खरं बोलले म्हणून मी त्यांच्या पाया पडले. देवीची कृपा मी रोगाच्या चालीत शोधायची नाही, हे त्या दिवशी मला उमगलं. हात आणि जीभ हे तिनं वाटून दिलं असेल तर तिला मी माफ करणार नाही. पण रोटाचा तुकडा अडकला त्या घडीला दारात जी आली, तिला कुणी पाठवलं नव्हतं असं मानायला माझं मन आजही तयार होत नाही.

हे गेले ते थंडीच्या दिवसांत, भर दुपारी. श्वास थोडा थोडा होत आला होता, हे आम्हा तिघांनाही महिनाभर ठाऊक होतं. घसा अडकला नाही, तडफड झाली नाही. मान माझ्या हातावर होती, पाय अक्काच्या मांडीवर. जाण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाले, "माझ्याशी बोलत राहिलीस तू." एवढंच.

दहाव्याला बायका जमल्या. त्यात नात्यातली एक वयस्कर बाई होती. डोळे पुसत ती म्हणाली, "कुठल्या जन्माचं पाप म्हणायचं, इतकी वर्षं खाटेवर." मला उत्तर द्यायचं होतं, पण माझ्यात काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं भांडून मी रिकामी झाले होते. मी मान खाली घालून बसून राहिले.

तेव्हा अक्का उठली. ही तीच अक्का, जिनं देवळात, दवाखान्यात, आमच्या घरी त्या एका आरोळीखेरीज कधी आवाज चढवला नव्हता, जी माझा राग उसळला की माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. ती उभी राहिली आणि सगळ्या बायकांकडे बघत म्हणाली, "पाप कोनंच नही. हाऊ आजार शे. मना आबास्नी जलमभर देवनं नाव लिधं, त्या वरीसभरमा गयात. ह्या भाऊनी कधी घंटा वाजाडी नही, त्या इतला वरीस जगनात. आते तुम्हीच बठ्ठा सांगा, पाप कोनं मोठं व्हतं?"

ती वयस्कर बाई पदराशी चाळा करत राहिली. अक्का खाली बसली नाही.

माझे हात तेव्हा आपोआप जोडले गेले. देवघराकडे नव्हे, अक्काकडे. किती दिवस आणि कुणाला किती, हे माझ्या हातात कधीच नव्हतं, ते मी तिथे सोडून दिलं. राग सोडला नाही. तो देवीला दिला, सांभाळ म्हटलं. आता मला जेव्हा तो लागतो तेव्हा मागून घेते, आणि ती देते.